काचेच्या दाराबाहेर अंताच्या चपला

अंता गेला हे मला कळलं तेव्हा मी मुलुंडच्या सलूनमध्ये अर्धी दाढी करून बसलो होतो. डावा गाल साफ, उजव्या गालावर फेस. त्या दिवशी माझी सुट्टी होती. कंपनीतला टाइमकीपर सायकलवरून आला आणि दारातूनच बोलला, अंता चिंदरकरला अॅटॅक आलाय, हॉस्पिटलात नेलाय, चल. 'नेलाय' बोलला खरा, पण त्याच्या तोंडावरून कळलं की आता फक्त आणायचं उरलंय. मी तसाच उठून पळालो. हॉस्पिटलच्या जिन्यावर सुमनवहिनी बसल्या होत्या, अंताची बायको. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. खाली बघितलं तर गळ्यात सलूनवाल्याचा टॉवेल तसाच. जन्मभर अंताला हसवायला मी कायकाय माकडचाळे केले आणि तो कधी मनासारखा हसला नाही. आज खरोखरचा विदूषक होऊन त्याच्यासमोर उभा राहिलो, तर हा डोळे मिटून पडलेला... माझं टायमिंग कायम असंच. त्याचे पाय चादरीतून बाहेर आले होते. पायांत काही नव्हतं. वहिनींना तेवढंच दिसलं बहुतेक. त्या मला बोलल्या, "भावोजी, ह्यांच्या चपला कुठे आहेत?" मी बोललो, आणतो. अजून आणल्या नाहीत. ते सांगायलाच हे लिहायला बसलोय.

लिहायला बसलोय म्हणजे मोठं काही समजू नका. मी चौथीपर्यंत गेलो, पुढे शाळेनेच मला सोडलं. अक्षर लागतं, पण बातमी वाचायला घेतली की संपेपर्यंत ती शिळी होते. म्हणून जेवणाच्या सुट्टीत अंता पेपर वाचायचा आणि मी ऐकायचो. ह्याच पेपरातून वाचायचा, म्हणून ह्याच पेपरात त्याच्याबद्दल यावं असं वाटलं. चुका असतील त्या माझ्या, बरं काही असेल ते त्याचं.

आम्ही दोघंही मालवणाकडचे, त्याचं गाव खाडीच्या अलीकडे, माझं पलीकडे. भेटलो मात्र मुलुंडच्या कंपनीत. मी शिपाई, तो पंच रूममध्ये ऑपरेटर. आता पंच रूम म्हणजे काय ते नव्या पोरांना माहीत नसेल. पोस्टकार्डापेक्षा लांबुडकी, जाड कागदाची कार्डं असायची. अंता मशीनवर बसून बटणं दाबायचा आणि कार्डाला बारीक चौकोनी भोकं पडायची. त्या भोकांत प्रत्येकाचा पगार, खाडे, ओव्हरटाइम सगळं. ती कार्डं ट्रेमध्ये रांगेने लावून मी टेम्पोत घालायची, टेम्पो फोर्टात जायचा, तिथे कोणाचा तरी भाड्याचा कॉम्प्युटर होता, तो ती कार्डं खायचा आणि पगाराचे कागद काढायचा. माझं काम एकच, ट्रे सांडायचा नाही. मी सांडला. जिन्यात पाय घसरला, मी खाली आणि अख्ख्या कंपनीचा पगार माझ्या अंगावर. ऑपरेटर पोरी डोक्याला हात लावून बसल्या, कारण रांग मोडली की सगळं परत लावायचं. अंता जिन्यात आला, माझं ढोपर बघितलं, कार्डांकडे बघितलं आणि बोलला, "शाब्बास रे गंग्या. इतक्या वर्षांत मालक आणि हमाल पहिल्यांदा एका ढिगात आले." मग संध्याकाळपर्यंत माझ्याबरोबर जमिनीवर बसून कार्डं लावली. मी लावलेली सगळी त्याने परत लावली, ते सोडा.

रद्दीत जायची ती कार्डं तो घरी न्यायचा आणि दिवाळीला त्यांचा आकाशकंदील करायचा. आमच्या चाळीत सगळ्यांचे रंगीत कंदील आणि ह्याचा बदामी, नुसत्या भोकांचा. आत दिवा लावला की समोरच्या भिंतीवर उजेडाचे बारीक ठिपके पडायचे. वर्षाचे कामगारांचे खाडे भिंतीवर लुकलुकतायत असं तो सांगायचा, आणि मी त्यातला माझा खाडा शोधत बसायचो.

मग पेपरात कॉम्प्युटरच्या बातम्या यायला लागल्या. रोज एक तरी. दिल्लीत साहेब लोक एकविसाव्या शतकाच्या गोष्टी करायला लागले आणि आम्ही विसाव्यातच डबा उघडून बसलेले. अंता बातमी पूर्ण वाचायचा, घडी घालायचा, भाकरीचा तुकडा मोडायचा आणि मग एकच वाक्य बोलायचा. बँकांत कॉम्प्युटर येणार पण एकाचीही नोकरी जाणार नाही, अशी बातमी आली. अंता बोलला, जाणार नाही हे छापावं लागतंय म्हणजे गेली. रेल्वेचं रिझर्वेशन कॉम्प्युटरवर होणार म्हणून मी खूष झालो, गणपतीला गावी जायला बरं. तो बोलला, हो, तिकीट संपलंय हे आता पटकन कळेल. परदेशात कॉम्प्युटरने माणसाला बुद्धिबळात हरवलं, तेव्हा ह्याने विचारलं की जिंकल्यावर तो कोणाला सांगायला गेला. आपली शिकलेली पोरं प्रोग्राम लिहायला अमेरिकेला जातात, तिथे त्यांना फार मागणी आहे, असं एकदा मोठं छापून आलं होतं. ते वाचून मात्र त्याने मोडलेला तुकडा डब्यात परत ठेवला. त्याचा थोरला भाऊ गिरणीत होता. गिरणी बंद पडली तसा ट्रंक घेऊन गावी गेला आणि पडवीत बसून राहिला. अंता बोलला, "आपले बाप बोटीने गिरणीत आले, ही विमानाने गिरणीत जातायत. भोंगा कधी बंद पडेल ते त्यांनाही कोणी सांगणार नाही."

मी मात्र कॉम्प्युटरवर फिदा. त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या पाटीवर कॉम्प्युटर. कॉम्प्युटरने डोळे तपासा, कॉम्प्युटर भरतकाम, घाटकोपर स्टेशनबाहेर तर कॉम्प्युटर पत्रिका. मी पत्रिका काढून आणली. लांबलचक कागद, कडेला भोकं, वर गणपती. त्यात लिहिलं होतं, समुद्रापलीकडचा प्रवास आणि उच्च अधिकारपद. अंताने ती सगळ्या पंच रूमसमोर मोठ्याने वाचली. पुढच्या रविवारी मी बायकोला घेऊन वर्सोव्याहून मढला गेलो, खाडीपार नेणाऱ्या होडीतून, आणि त्या एवढ्याशा पाण्यात मला उलटी झाली. सोमवारी अंता बोलला, प्रवास झाला, आता अधिकारपदाची तयारी कर. तेव्हापासून अख्खी पंच रूम मला 'अधिकारी' बोलायला लागली. अजून काही लोक बोलतात.

तर हे हसणं चालू असतानाच आमच्याच कंपनीत कॉम्प्युटर आला. स्वतःचा. तळमजल्याची कोपऱ्यातली खोली रिकामी करून एसी लावला, गालिचा घातला, काचेचं दार बसवलं. त्याच्यावर वांद्र्याहून एक तरुण साहेब आला, शिकलेला, हसतमुख, इंग्रजी मराठी बोलणारा. पहिल्याच दिवशी त्याने नियम केला, आत धूळ गेली की मशीन आजारी पडतं, म्हणून चपला-बूट बाहेर. मॅनेजरपासून माझ्यापर्यंत सगळे अनवाणी. आत थंडगार, मंद उजेड, कोणी मोठ्याने बोलायचं नाही. अंताने काचेतून एकदा बघितलं आणि साहेबाचं नाव 'गुरव' ठेवलं. आमच्या गावात देवळात पूजा करतो तो गुरव. देवळात कोणी किती आत यायचं ते तोच ठरवतो.

आणि पंच रूम बंद होणार हे कळलं. कार्डांची गरजच नव्हती, सरळ टीव्हीसारख्या पडद्यासमोर बसून बटणं दाबायची. ऑपरेटरांतल्या फक्त दोघांना ट्रेनिंग देऊन आत घेणार, बाकीचे इकडेतिकडे. अंताचं नाव त्या दोघांत होतं. तो सगळ्यांत जुना, हात सगळ्यांत फास्ट. मी पेढे दे बोललो तर तो बोलला, कसले पेढे, मी काय त्या थंड्या खोलीत जातोय, सर्दी होईल. मला वाटलं, ह्याला खरंच नको आहे. कारण जगातल्या सगळ्या कॉम्प्युटरची ह्याने इतकी टिंगल केलेली... पण वहिनींनी एकदा मला हळूच दाखवलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ह्याने नव्या मशीनची बटणं पेन्सिलने काढली होती आणि जेवण झालं की जमिनीवर मांडी घालून त्यावर बोटं चालवायचा. वहिनी बोलल्या, झोपेत पण बोटं हलतात हो. भावोजी, हे झालं नाही तर ह्यांचं काय होईल माहीत नाही. हे पण थोरल्यासारखे पडवीत बसतील. मी बोललो, होणारच, नाव आलंय ना. माझा शब्द म्हणजे तुम्हाला माहितीच आहे, पत्रिकेतलं अधिकारपद.

मग दसरा आला. कंपनीत खंडेनवमीला सगळ्या मशिनांची पूजा व्हायची. मी ताट घेऊन फिरायचो, हळद-कुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. लेथला हार, ड्रिलला हार, कॅन्टीनच्या चहाच्या भांड्याला पण फूल. गुरवसाहेबाने कॉम्प्युटरच्या खोलीत मनाई केली होती, पाणी नको, फुलं नकोत. जेवणाच्या सुट्टीत तो बाहेर गेला. झाडू मारायला म्हणून चावी माझ्याकडे असायची. अंता ताटाकडे बघत बोलला, सगळ्यांना फूल आणि हा एकटाच उपाशी, बरं दिसतं का रे? मला वाटलं मजा करतोय. मला पण तेच हवं होतं, मजा म्हटली की मी पुढे. दार उघडलं. चपला बाहेर काढल्या. आत गेलो.

आत गेल्यावर मात्र तो वेगळाच झाला. गावच्या देवळात गाभाऱ्यासमोर उभा राहतो तसा हात जोडून, पाय जुळवून उभा राहिला. मशीनच्या कडेला, दिसणार नाही असं, करंगळीएवढं कुंकू लावलं. मग ताटातल्या कुंकवाने लाल झालेल्या अक्षता उचलल्या, बोट ओलं केलं आणि पडद्याच्या काचेवर एक दाणा उजवीकडे चिकटवला, एक डावीकडे. मी हसलो. आमच्याकडचे लोक समजले असतील. आमच्या देवळात असाच कौल लावतात, देवाला तांदूळ नाहीतर पाकळ्या चिकटवून विचारतात. उजवा आधी पडला तर देव हो म्हणाला, डावा पडला तर नाही. माझं हसू त्याच्या तोंडाकडे बघून मधेच थांबलं. तो गाऱ्हाणं घालायला लागला, अगदी गावच्या आवाजात, फक्त हळू.

"बा देवा म्हाराजा... ह्यो तुझो लेकरू तुझ्या दारात इलो हा. तुझी लय टिंगल केल्यान, ती पोटात घाल. आणि तुझ्या ह्या खोलयेत त्येका जागा दी रे म्हाराजा."

गाऱ्हाण्यात बाकीच्यांनी 'होय म्हाराजा' बोलायचं असतं. बाकीचा मी एकटाच होतो. लहानपणापासूनची सवय, तोंडातून आपोआप निघालं, "होय म्हाराजा." एसीचा आवाज तेवढा चालू. आम्ही दोघं अनवाणी, पडद्यावर एक हिरवा ठिपका लुकलुकतोय, आणि आम्ही तांदळाच्या दाण्याकडे बघत उभे. बराच वेळ काही झालं नाही. आणि मग उजवा पडला. अंताने माझा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशी बोटं उमटलेली होती. "दिल्यान रे गंग्या... उजवो दिल्यान." डोळ्यांत पाणी. मी डावा दाणा काढला, काच बाहीने पुसली आणि आम्ही बाहेर आलो. पडलेला दाणा कुठे गेला हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. देवळात कोण बघतं?

दसऱ्यानंतर कंपनी उघडली आणि कॉम्प्युटरचं एक बटण दबेना. साहेबाने बटणांची पाटी खोलली आणि चिमट्याने एक लाल तांदूळ बाहेर काढला. पांढऱ्या कागदावर ठेवून सगळ्यांना दाखवला. कोणी केलं विचारायच्या आतच अंता पुढे झाला. मी पण हात वर केला, तर साहेब मला बोलला, तू जा रे, तुला कोण विचारतंय. आयुष्यात एकदा गुन्ह्यात वाटा मागितला, तो पण मिळाला नाही. साहेब वाईट माणूस नव्हता, ते सांगायला पाहिजे. त्या मशीनचं काही बिघडलं तर त्याचीच मान अडकणार होती. तो ओरडलाही नाही. शांतपणे बोलला, "चिंदरकर, ही मशीन आहे. देव नाही."

अंता बोलला, "साहेब, चपला तुम्हीच काढायला सांगितल्या होत्या."

बस, एवढंच. त्यावर साहेबाने पेन उघडलं. ट्रेनिंगच्या यादीतून नाव कापलं. अशी समज असलेला माणूस आत बसवता येणार नाही, असं वर कळवलं म्हणे. घरी जाताना मी बोललो, अंता, कौल खोटा निघाला यार. तर बोलला, खोटा कसा? देव हो म्हणाला. गुरव नाही म्हणाला. आपल्या गावात तरी दुसरं काय होतं? आणि हसला. मी पण हसलो. घरी जाऊन त्याने ते कॅलेंडर भिंतीला परत लावलं, बटणांची बाजू भिंतीकडे करून. वर्ष जुनं होतं, तारखा चुकीच्या होत्या, पण वहिनींनी काढलं नाही.

पुढे त्याला डिस्पॅचला टाकलं. पाकिटं चिकटवायची, तिकीट लावायचं, खात्याखात्यात वाटायचं. पंच रूमची मशिनं भंगारात गेली. कार्डं ठेवायचं खणाखणांचं मोठं लाकडी कपाट होतं, त्याचे दरवाजे काढून काचेच्या दाराबाहेर उभं केलं, आत जाणाऱ्यांनी चपला-बूट ठेवायला. पेपर तो अजून वाचायचा. पण वाचून झाल्यावर जे वाक्य यायचं ते उशिरा यायला लागलं आणि मग कधीकधी यायचंच नाही. कॉम्प्युटरला पण व्हायरस होतो, रोग पसरतो, अशी बातमी आली होती. मी वाट बघत बसलो की आता हा काहीतरी बोलणार. त्याने घडी घातली, डबा धुवायला गेला. शेवटी मीच बोललो, आता त्याला पण सिक लीव्ह द्यायला पाहिजे. कोणी हसलं नाही. माझा जोक तसा कधीच चालत नाही, पण तेव्हा मला खरी भीती वाटली. त्या दिवाळीला त्याने कंदील केला नाही. कार्डं होती घरात, गठ्ठा तसाच.

एक गोष्ट मात्र तो करायचा. कॉम्प्युटरच्या खोलीचं टपाल द्यायला रोज जायचा. पाकिटं दारातूनच द्यायची असायची, आत पाऊल टाकायची गरज नव्हती आणि परवानगी पण नव्हती. तरी हा आधी चपला काढायचा. जुन्या कपाटाच्या खालच्या खणात नीट जोडीने ठेवायचा, दार वाजवायचा, पाकिटं द्यायचा, क्षणभर तसाच काचेसमोर उभा राहायचा आणि परत चपला घालून निघायचा. आतली नवीन पोरं त्याला हसायची. मी एकदा बोललो, कशाला काढतोस रे, आत थोडीच जायचंय? तो बोलला, "बोलावलं तर?" मी तोंडाकडे बघितलं, जोक आहे का बघायला. मला कळलं नाही. इतकी वर्षं त्याच्याबरोबर काढली, पण हे एक मला कळलं नाही...

त्या दिवशी पण त्याने तेच केलं. टपाल घेऊन गेला, चपला काढल्या, खणात ठेवल्या आणि दार वाजवायच्या आधीच खाली बसला. आतल्या पोरांना वाटलं काहीतरी शोधतोय. मग उचलून टेम्पोत घातला. आधी कार्डं न्यायचा ना, तोच टेम्पो.

तेरावं झालं आणि वहिनींनी परत विचारलं. रागाने नाही, सहज. ह्यांच्या चपला मिळाल्या का हो? मी बोललो, उद्या नक्की. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन गेलो. खालच्या खणात होत्या, टाचा भिंतीकडे, अंगठे बाहेर, तो ठेवायचा तशाच. डाव्या चपलेच्या पट्ट्याला त्याने स्वतः घातलेला काळा टाका. वरच्या खणांत पोरांचे पांढरे बूट. मी वाकलो. हात लावला. उचलता येईना. मी कंपनीत जन्मभर वजनंच उचलली, पण ते काय झालं मला माहीत नाही. तसाच उकिडवा बसून राहिलो. तेवढ्यात गुरवसाहेब आला, बूट काढायला वाकला आणि त्याला त्या दिसल्या. बोलला, "ह्या कोणाच्या रे? किती दिवस बघतोय. उचल इथून."

मी उठून उभा राहिलो. बोललो, "साहेब, माणूस आत गेलाय."

साहेबाने माझ्याकडे बघितलं. मग काचेतून आत बघितलं. मी पण बघितलं. पोरं अजून यायची होती. रिकाम्या खुर्च्या, एसी चालू, आणि पडद्यावर तो हिरवा ठिपका. साहेबाने बूट काढले, हातात धरले, ठेवायला खण शोधला आणि वरच्या खणात ठेवले. आत गेला.

संध्याकाळी रिकामी पिशवी घेऊन वहिनींकडे गेलो. त्यांनी पिशवीकडे बघितलं. काय झालं ते मी सगळं सांगितलं, साहेबाला काय बोललो ते पण. त्या चहा गाळत होत्या. गाळून झाल्यावर कप माझ्यासमोर ठेवला आणि बोलल्या, "मग राहू देत तिथेच."

म्हणून अजून तिथे आहेत. रोज सकाळी झाडू मारताना मी त्या फडक्याने पुसतो. काल पोरांपैकी एकाने विचारलं, काका, ह्या कोणाच्या? मी बोललो, खऱ्या अधिकाऱ्याच्या.